यादीतलं एक नाव

"आधी नाव सांगा," शालनताई म्हणाल्या.

"कसलं नाव?" उपाध्येसाहेबांनी विचारलं.

"ज्याला निरोप द्यायचा त्याचं. मानूस ठावं नसताना निरोप कसा द्यायचा, सायेब?"

काचेच्या अलीकडे हेडफोन लावून बसलेल्या मला हसू आलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत पंखा बंद ठेवावा लागे, त्यामुळे दहा मिनिटांत माणूस घामानं निथळायचा. शालनताईंनी पदरानं गळा पुसला आणि समोरचा छापील कागद उलटा करून ठेवला. साहेबांनी शेवटी दातांच्या दवाखान्याची यादी उघडली आणि दिसलं ते पहिलं नाव वाचलं. सदाशिव माळी, कवलापूर, वय चौसष्ट.

"मग दादा म्हनतो," असं स्वतःशी बोलून बाईंनी सुरुवात केली. आमच्या सांगलीकडच्या खेड्यांतल्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'येतो', 'जातो' असंच म्हणतात. "सदाशिवदादा, मी शालन बोलतोय, दाताच्या दवाखान्यातनं. तुमचा फोन लागंना बगा, म्हनून निरोप ठेवतोय. कवळी बसवून सा महिनं झालं. टोचती का न्हाई ती? टोचत आसंल तर सोसत बसू नगा." इथे त्या चांगल्या दोनदा खोकल्या. "हां. तर या एकदा. मंगळवार सोडून कवाबी या."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "खोकला आलाय. परत घ्यावं लागेल."

"राहू दे," उपाध्येसाहेब म्हणाले. ते काचेला नाक लावून आत बघत होते. "फक्त सुरुवातीचं नाव काप. बाकी कशाला हात लावू नकोस, हेमांगी."

नऊ वर्षांत माझा एक मोठा श्वाससुद्धा त्यांनी फाईलीत राहू दिला नव्हता.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होऊन गेली. आमचा धंदा सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. तेव्हा मोबाइलच्या प्रत्येक नंबरामागे निरोपाची एक पेटी असे. आम्ही लोकांना फोन न करता निरोप थेट त्या पेटीत टाकायचो. फोन वाजायचाच नाही. माणूस उसात पाणी पाजत असो नाहीतर वरातीत नाचत असो, त्याच्या कामात खोळंबा नाही. सवडीनं खिशातून फोन काढला की पडद्यावर पाकिटाचं चिन्ह दिसायचं, बटण दाबलं की आवाज यायचा. आपला फोन लागला नाही आणि कुणीतरी आपल्यासाठी दोन शब्द बोलून ठेवले, असं ऐकणाऱ्याला वाटावं, ही त्यातली खुबी.

आणि हे सगळ्यांनाच हवं असायचं. ट्रॅक्टरवाल्यांना ऑइल बदलायची आठवण करायची असे, सराफांना गुरुपुष्य कळवायचा असे, मंगल कार्यालयाच्या दोन तारखा रिकाम्या राहिल्या की त्यांचे मालक आमच्या जिन्यात उभे. विमावाल्यांना आवाज घरच्या माणसासारखा लागायचा, शाळांना जरा दटावणारा. निवडणुका आल्या की मग तर विचारूच नका. हे सगळे आवाज माझे होते. आकाशवाणीवर हंगामी निवेदिका म्हणून काम केलेली, वक्तृत्वाच्या ढाली घरात ठेवायला जागा नसलेली मी, हेमांगी दांडेकर. सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये असा मोबाइल क्वचितच असेल, ज्याच्या पेटीत माझा आवाज एकदा तरी पडला नव्हता. ऑफिसात आवाज म्हटलं की मी, यात कुणाला शंका नव्हती.

शालन घोरपडे आल्या आणि पहिल्याच आठवड्यात ती शंका भिंतीवर आली. उपाध्येसाहेबांनी एक पांढरा फळा लावला होता. निरोप ऐकून शंभरातल्या किती जणांनी उलट फोन केला, तो आकडा त्यावर निळ्या पेननं लिहायचे. माझा आकडा चार, पाच, फार तर सहा. दातांच्या दवाखान्यासमोर त्यांनी एकोणीस लिहिलं, पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि आकड्याखाली रेघ मारली.

बाई तासगावच्या. तिथे बावीस वर्षं त्यांचं टेलिफोनचं बूथ होतं. घरोघरी फोन नव्हते तेव्हा सगळ्या गल्लीचे फोन त्यांच्याकडे यायचे आणि कुणाची आई आजारी, कुणाला मुलगा झाला, कुणाच्या नवऱ्यानं मुंबईहून काय कळवलं, हे सगळं त्या दारोदार जाऊन सांगायच्या. मोबाइल आले आणि बूथ बसलं. साहेबांचं सासर त्याच गल्लीत, म्हणून बाई आमच्याकडे आल्या.

"येका घरचा निरोप दुसऱ्या घरी कवा फुटला न्हाई माज्याकडनं," त्या मला डबा खाताना म्हणाल्या होत्या. "लोकं लई खोदून इचारायची. मी म्हनायचो, त्यांचं त्यांनाच इचारा."

मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला विशेष वाटायचं ते एवढंच, की शुद्ध बोलता न येणारी एक बाई रोज माझ्या माइकसमोर बसते आणि तिचे आवाज कापायचं काम माझ्याकडे आहे. तिची रीत ठरून गेली होती. यादीतलं एक नाव घ्यायचं, त्या एकाच माणसाशी बोलायचं आणि मग मी त्यातलं नाव काढून तो निरोप हजारोंना पाठवायचा. सदाशिवदादा, मालनकाकू, बाबूमामा. संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या आवाजाच्या रेघा उमटायच्या आणि मी सुरुवातीचा तुकडा उचलून फेकून द्यायची. तेवढा वेळ मला बरं वाटायचं.

मग फोन यायला लागले. "शालनताई हायत का?" ट्रॅक्टरच्या ऑइलची चौकशी करायला नव्हे, बाई आहेत का बघायला. सावळजहून एक माणूस द्राक्षाची पेटी घेऊन आला, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "शालनताईंना द्या. त्यांच्या सांगण्यानं बायकोची दाढ काढली, झोप लागती आता तिला." मी पेटी उचलून आत नेऊन दिली. शालनताईंनी त्यातला सगळ्यात मोठा घड माझ्यासाठी बाजूला काढला, तो मी घेतला नाही. आंबट असेल म्हणाले.

सरळ सांगते, मी जळत होते. रात्री घरी आरशासमोर उभं राहून 'टोचती का न्हाई ती' असं म्हणून बघत होते. एकदा सराफाच्या निरोपात मी मुद्दाम खोकलेसुद्धा. उपाध्येसाहेबांनी ते ऐकलं आणि काळजीनं म्हणाले, "सर्दी झालीय का तुला? आज घरी जा, उद्या करू." काच पुसायला आलेली मावशी तोंडाला पदर लावून हसली.

याच सुमारास माझ्या डोक्याला दुसरी चिंता होती, ती अण्णांची. माझे वडील, मोरेश्वर दांडेकर, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून मिरजेला एकटे राहायचे. मी सांगलीत. आमचं एका छताखाली चार दिवसांवर पटत नसे, म्हणून दर रविवारी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, असा माझा नेम होता. मी लहान असताना अण्णा मला रोज पेपर मोठ्यानं वाचायला लावत. अक्षर गिळलं की टेबलावर पेन्सिल आपटत. पुन्हा वाच. माझा आवाज जो काही घडला, तो त्या पेन्सिलीखाली. ढाल जिंकून आले की ते हातात घेत, तिचं वजन बघितल्यासारखी जराशी खालीवर करत आणि म्हणत, "ठीक." रेडिओवर माझा पहिला कार्यक्रम झाला तेव्हाही 'ठीक'च. एक्केचाळीस वर्षांत यापलीकडे त्यांचं माप कधी गेलं नाही.

त्याच्या दोन वर्षं आधी मिरजेच्या एका डोळ्यांच्या इस्पितळात त्यांना काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. थेंब दिले, दर तीन महिन्यांनी दाब तपासायला या म्हणाले. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेनं खात येतो. दुखत नाही म्हणून अण्णांनी थेंब बंद केले आणि इस्पितळाचं तोंड पाहिलं नाही. मी रविवारी सांगायची, मधल्या वारी त्यांच्या पेटीत निरोप ठेवायची.

"माझा निरोप ऐकलात का?" मी विचारलं.

"ऐकला. उच्चार स्वच्छ होते."

"मग कधी जाताय?"

"बघू," असं म्हणून ते चष्मा काढून पुसत बसले. त्या दिवसांत ते सारखा चष्मा पुसायचे. धूसर दिसतंय ते काचेमुळे, असा त्यांचा दावा.

हे सगळं मी एकदा ऑफिसात उपाध्येसाहेबांपाशी वैतागून बोलले. ते कुणाशी तरी फोनवर होते, निम्मं ऐकलं आणि मान हलवली. शालनताई कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होत्या.

आणि नेमकं त्याच इस्पितळाचं काम आमच्याकडे आलं. तपासणी चुकवलेल्या सत्तावीसशे लोकांना परत बोलवायचं होतं. काम वर्षभराचं, आमच्याकडचं सगळ्यात मोठं. साहेब म्हणाले, "पहिला निरोप शालनताई करतील. आकडा चांगला आला तर यापुढे ऑफिसचा आवाज त्यांचाच ठेवू. हेमांगी, तू कापाकापी बघ, तुझा हात स्वच्छ आहे." ते इतकं सहज म्हणाले की मी 'हो' म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी शालनताई यादी घेऊन माझ्याजवळ आल्या. नावं वाचायला त्यांना वेळ लागायचा, बोट ठेवून वाचायच्या. बोट एका ओळीवर थांबलं होतं.

"हे दांडेकर, मिरजेचं. तुमचं वडील न्हवं?"

"हो."

"त्यांच्याशीच बोलतो मग."

मी काही म्हणायच्या आत त्या आत जाऊन बसल्या. साहेब बँकेत गेले होते, ऑफिसात आम्ही दोघीच. मी हेडफोन लावला.

"मोरेश्वरअण्णा, मी शालन बोलतोय, डोळ्याच्या दवाखान्यातनं. तुमचा फोन लागला न्हाई म्हनून निरोप ठेवतोय. चष्मा पुसून काय उपेग न्हाई ओ अण्णा. काचंवर काय न्हाईच, पुसून पुसून काच झिजंल. दुखत न्हाई म्हनून घरात बसलायसा, पर हे दुखनंच तसं हाय, मुकं. एक डाव या. लेक रोज घोर करती तुमचा, तिला तरी जरा निवांत झोपू द्या. मी वाट बगतो."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. बाई बाहेर आल्या, घाम पुसला आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"आसं करा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "समद्यांच्या निरोपातनं नाव आन् लेकीचं ते काढा. पर तुमच्या वडलांच्या फोनापुरतं तेवढं ऱ्हाऊ द्या. त्यांना नावानं जाऊ दे. सायबांना नगा सांगू, ते म्हनतील येका फोनासाठी येगळं कशाला."

"बरं," मी म्हणाले.

त्या गेल्या. मी फाईल पुन्हा ऐकली. मग पुन्हा. माझ्या वडिलांचं नाव त्या बाईच्या तोंडात होतं आणि ते असं काही बसलं होतं की जणू रोजचंच. मी त्यांना एवढ्या वेळा सांगितलं, पण 'लेक घोर करते' हे माझ्या तोंडून कधी आलं नव्हतं. ते मी बोलायला हवं होतं आणि ती बोलून मोकळी झाली. माझा माइक घेतला, फळा घेतला, आता अण्णाही. उद्या अण्णा हे ऐकतील आणि त्यांच्या तोंडून 'ठीक'पलीकडचा काही शब्द निघाला, तर तो हिच्यासाठी निघेल, हे मला अगदी स्वच्छ दिसलं.

मी दोन फाईली केल्या, सांगितल्याप्रमाणे. एकीत नाव, एकीत नाही. सकाळी अकरा वाजता सत्तावीसशे नंबरांच्या यादीपुढे फाईल जोडायची वेळ आली तेव्हा मी नावाची जोडली. चुकून नव्हे. लोक वैतागतील, कोण हा मोरेश्वर म्हणून शिव्या घालतील, इस्पितळ हसेल आणि बाई तासगावला परत जातील, एवढा हिशेब करून मी बटण दाबलं.

वीस मिनिटांत इस्पितळातून फोन आला. त्यांची स्वागतकक्षातली मुलगी रडकुंडीला आली होती. "अहो, काय पाठवलंय तुम्ही? सगळे मोरेश्वरअण्णांचीच चौकशी करतायत. मला पेशंट बघायला वेळ नाही." साहेबांनी ते फोन आमच्याकडे वळवून घेतले. घेणार कोण? मी.

पहिला फोन कवठे महांकाळहून एका म्हातारीचा होता. "बाई, ह्यो निरोप माजा न्हवं. कुना मोरेश्वरअण्णाचा चुकून माज्याकडं आलाय. त्यांच्यापत्तुर पोचला न्हाई तर पंचाईत व्हायची, म्हनून नातवाकडनं फोन लावून घेतला. त्यांना तेवढं सांगा, लेक घोर करतीया."

मी शिव्यांची वाट बघत होते. फोनामागून फोन येत होते आणि शिवी कुणी देत नव्हतं. विट्याचा एक मास्तर म्हणाला, निरोप परत कसा पाठवायचा ते सांगा, मी पाठवतो. एका रिक्षावाल्यानं अण्णांचा पत्ता मागितला, येत नसतील तर मी रिक्षात घालून आणतो म्हणाला. जतचा एक माणूस म्हणाला, "माझ्या वडिलांचं नाव मोरेश्वर, पण ते जाऊन वीस वर्षं झाली. दुसरे कोणी असतील. शोधा त्यांना." आणि जवळजवळ प्रत्येक जण फोन ठेवता ठेवता म्हणायचा, माझीही तपासणी राहिलीय, मीही येतो. दुपारी तीनपर्यंत साडेचारशे फोन येऊन गेले, जमतील तेवढे मी घेतले. घसा बसला. फळ्यावर लिहायला साहेबांना सवड झाली नाही, पण आकडा मला कळत होता.

चारला इस्पितळाचे व्यवस्थापक स्वतः आले. त्यांना आकड्याशी कर्तव्य नव्हतं.

"एका पेशंटचं नाव आणि आजार तुम्ही सत्तावीसशे लोकांना सांगितलात," ते म्हणाले. "उद्या तो माणूस कोर्टात गेला तर? मला काम तोडायचं नाही, लोक येतायत. पण ज्यानं ही चूक केली तो माणूस मला इथे नको."

साहेब माझ्याकडे वळले. "हेमांगी, नाव का काढलं नाहीस?"

शालनताई दाराशी उभ्या होत्या.

"शालनताई म्हणाल्या, राहू दे," मी म्हणाले.

"तुम्ही म्हणालात?"

"म्हनलो हुतो," शालनताई म्हणाल्या. "पर येका फोनापुरतं."

"कुणाच्या फोनापुरतं? कोण हा मोरेश्वर?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. तुम्ही सांगताय का, असं विचारल्यासारखं. एवढंच म्हणायचं होतं, की मोरेश्वर म्हणजे माझे वडील, ते कोर्टात जाणार नाहीत, आणि चूक बाईंची नाही. एका वाक्याचं काम. नऊ वर्षं हजेरीपटावर 'हेमांगी मोरेश्वर दांडेकर' लिहिणाऱ्या उपाध्येसाहेबांना त्या गडबडीत ते आठवलं नाही, आणि मी फळ्यावरचा जुना एकोणीसचा आकडा बघत उभी राहिले.

"हाय एक मानूस," शालनताई शेवटी म्हणाल्या. "त्याचं त्यालाच ठावं. माजी चूक झाली सायेब."

त्यांनी पिशवी उचलली. मी जिन्यापर्यंत गेले. का गेले ते माहीत नाही, बहुधा त्या खरंच जातायत का बघायला. चपला घालताना त्यांनी वर बघितलं.

"अण्णा गेलं का तपासाय?"

"माहीत नाही."

"कळलं की कळवा. तेवढाच घोर लागलाय." आणि कठड्याला धरून त्या उतरून गेल्या.

माझी खुर्ची मला परत मिळाली. शनिवारी मी माइकसमोर बसून मंगल कार्यालयाचा निरोप केला, एका दमात, एकही चूक नाही. साहेब "छान" म्हणाले आणि दुसरं काहीतरी बघायला लागले.

रविवारी मिरजेला गेले तर अण्णा दारात उभे. माझी वाट बघत ते दारात कधी उभे राहत नसत. हातात थेंबांची बाटली होती.

"बस," ते म्हणाले. "गंमत सांगतो. परवा गेलो होतो इस्पितळात. नाव सांगितलं, तर ती पोरगी खुर्चीतून उठून उभी राहिली. आत ओरडून सांगितलं, मोरेश्वरअण्णा आले. मग काय, नर्स आल्या, कंपाउंडर आला, बाकावरचे पेशंट वळून बघायला लागले. एका म्हाताऱ्यानं तर माझा हात धरला. बरं केलंत आलात, म्हणाला. हेमा, मी त्याला जन्मात पाहिलेला नाही."

"दाब किती निघाला?"

"फार. उजवा डोळा आणखी दोन-तीन महिन्यांत गेला असता म्हणे. आता थेंब चालू केलेत, वाचेल."

मी बाटलीवरचं लेबल वाचत राहिले. मला रडू येत होतं आणि ते कशाचं हे कळत नव्हतं.

"यंत्राच्या गडबडीनं तो निरोप गावभर गेला म्हणे," अण्णा म्हणाले. "ते असो. पण तो माझ्यासाठीच केलेला होता, हे मला पहिल्या वाक्यातच कळलं. चष्मा पुसून उपयोग नाही म्हणाल्या बाई. मी चष्मा पुसतो हे त्यांना कोण सांगणार? तूच."

"मी निरोप ठेवले तेव्हा नाही गेलात तुम्ही."

"तुझा निरोप ऐकला की वाटायचं, ही गावाला सांगते आहे," ते सहज म्हणाले. "मी गावातला एक. तुलाही ते कळलं असणार, म्हणून तर तू त्या बाईंना गाठलंस. आपल्याला जमत नाही ते दुसऱ्याकडून करून घ्यायला फार मोठं मन लागतं. मला नसतं जमलं." चष्म्याकडे गेलेला हात त्यांनी खाली घेतला. "फार चांगलं केलंस, हेमा. फार चांगलं केलंस. तूच केलंस ना हे?"

एक्केचाळीस वर्षं मी या वाक्यासाठी थांबले होते. ते दोनदा आलं. त्यातलं एक अक्षरही माझं नव्हतं.

"हो, अण्णा," मी म्हणाले.

"त्या बाईंना माझा नमस्कार सांग."

"सांगते."

शालनताईंचा नंबर माझ्याकडे होता. 'अण्णा जाऊन आले, डोळा वाचला' एवढे पाच शब्द कळवायचे, फोन वाजवायचीही गरज नव्हती. पण ते कळवायचं तर पुढचंही बोलावं लागलं असतं आणि अण्णांचं ते वाक्य परत करावं लागलं असतं. मी ते परत केलं नाही.

त्या दिवाळीला अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा बेसनाचे लाडू केले. पीठ, तूप आणि साखर सगळं तराजूत मोजून. एकवीस लाडू, एकाही लाडवाचं वजन इकडचं तिकडे नाही. मी पोचले तेव्हा डबा भरून तयार होता आणि झाकणावर त्यांच्या रेखीव अक्षरात चिठ्ठी होती, 'श्रीमती शालनताई यांस.' मला त्यांनी फरसाण आणून ठेवलं होतं, दुकानातलं.

सांगलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा तासगावची गाडी समोरच उभी होती. कंडक्टर बाहेर उभा राहून ओरडत होता. मी डबा छातीशी धरून गाडी सुटेपर्यंत तिथे उभी राहिले आणि मग घरी आले. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या झाकण उघडलं. मला त्या लाडवांचा हेवा वाटत होता, खोटं कशाला बोलू. चार दिवसांत एकवीसच्या एकवीस मी खाल्ले. ऑफिसातल्या मावशीला दिला नाही, उपाध्येसाहेबांना दिला नाही.

पुढच्या रविवारी मी डबा घासून परत नेला.

"आवडले का बाईंना?" अण्णांनी विचारलं.

"फार आवडले. फक्त वेलदोडा जरा जास्त झाला होता म्हणाल्या."

"मला वाटलंच होतं," अण्णा म्हणाले. खूश झाले. "पुढच्या वर्षी कमी घालतो."

पुढच्या वर्षी त्यांनी खरंच कमी घातला. लाडू आणखी चांगले झाले होते.